ब्लेडची धार आणि आपले आरोग्य

वाचकहो, रोज हाताळली जाणारी आणि तरीही जिच्याविषयी कधी विचार होत नाही अशी घरातली वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर मी दाढीच्या ब्लेडचे नाव घेईन. पुरुष दाढीसाठी ते वापरतात. घरातील स्त्रिया शिवण उसवायला, मुले पेन्सिलीला टोक करायला वापरतात. वडीलधारी माणसे पायाचे कुरूप कापायला वापरतात आणि दुर्दैवाने अजूनही कुठे कुठे बाळाची नाळ कापायलाही तेच हाताशी येते. किंमत म्हणाल तर चहाच्या कपापेक्षाही कमी. पण याच ब्लेडमुळे झालेले आजार घेऊन माझ्याकडे वर्षभर रुग्ण येत असतात. कोणाच्या गालावर पुळ्या, कोणाचा पाय चिघळलेला, तर कोणाच्या रक्तात काविळीचा विषाणू. म्हणून या आठवड्यात ब्लेडची धार कशी तयार होते, ती कशी जाते आणि तिचा आपल्या आरोग्याशी काय संबंध आहे, हे समजून घेऊ.

धोकटीतला वस्तरा

ब्लेड येण्यापूर्वी आपल्या गावगाड्यात नाभिक बांधव धोकटी घेऊन घरोघर जात. धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, आरसा, पाण्याची वाटी, धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा असे. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना तो पट्टा आठवत असेल. एक टोक खुंटीला अडकवायचे, दुसरे हातात ताणून धरायचे आणि वस्तरा त्यावर सपासप खाली-वर फिरवायचा. त्या आवाजाची लहान मुलांना भीती वाटे.

दगड आणि पट्टा यांची कामे वेगवेगळी होती. दगडावर पोलाद झिजते आणि धारेला आकार येतो. पण दगडावरून उठलेल्या धारेच्या कडेला पोलादाची अतिशय बारीक, वळलेली झालर राहते. ती तशीच राहिली तर वस्तरा गाल ओरबाडतो. चामड्यावर घासल्याने ही झालर निघून जाते, धार सरळ होते आणि तिला झिलई येते. म्हणजे धार लावणे आणि धारेला झिलई करणे ही दोन निराळी कामे आहेत आणि चांगली दाढी होण्यासाठी दोन्ही लागतात. आपल्या कारागिराला हे हाताच्या सवयीने ठाऊक होते.

त्या वस्तऱ्यात एकच दोष होता. वस्तरा महाग, धार लावायला वेळ लागे, म्हणून एकच वस्तरा साऱ्या गावाच्या गालावरून फिरे. त्या काळी रक्तातून पसरणाऱ्या रोगांची माहिती कोणालाच नव्हती, तेव्हा त्यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही.

यंत्राने धार कशी लावली

अमेरिकेतील किंग कँप जिलेट या गृहस्थाच्या डोक्यात १८९५ च्या सुमारास एक कल्पना आली. पोलादाच्या पातळ पत्र्याची स्वस्त पाती करायची, धार गेली की फेकून द्यायची. पण इतका पातळ पत्रा तापवून कडक केला तर वाकडा होतो आणि त्याला धारही धरत नाही, असे जाणकारांनी त्याला सांगितले. हा प्रश्न विल्यम निकरसन या अभियंत्याने सोडवला. पत्रा कडक करण्याची पद्धत आणि धार लावण्याची यंत्रे त्याने तयार केली. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली, तेव्हा वर्षभरात फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपली. पुढच्याच वर्षी रेझरचा खप ९० हजारांवर गेला. नाव जिलेटचे झाले. पण निकरसनची यंत्रे नसती तर ती कल्पना कागदावरच राहिली असती.

आपल्या महाराष्ट्रातही ही यंत्रविद्या पुढे चांगली रुजली. ठाण्यातील विद्युत मेटॅलिक्सचे सुपर-मॅक्स ब्लेड अनेक दशके आपल्या खेड्यापाड्यांतील दुकानांत आणि परदेशातही पोहोचत होते. टपरीवर साखळीसारखी लटकणारी ब्लेडची पाकिटे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्या प्रत्येक पात्यामागे काय खटाटोप असतो ते थोडक्यात पाहू.

ब्लेडचे पोलाद साधे नसते. त्यात साधारण १३ टक्के क्रोमियम असते, म्हणून ते सहज गंजत नाही. सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीची लांबच लांब पट्टी गुंडाळीच्या रूपात कारखान्यात येते. प्रथम यंत्र तिला मधली भोके पाडते. मग ती सुमारे १,१०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीतून जाते, लगेच थंड केली जाते आणि पुढे शून्याच्याही बऱ्याच खाली गार केली जाते. यामुळे पोलाद कडक होते. नंतर धार लावणारी चाके येतात. पहिली जाडीभरडी, दुसरी मध्यम, तिसरी बारीक. पट्टी न थांबता पुढे सरकत असते आणि प्रत्येक चाक आपल्या वाट्याचा थोडाथोडा भाग घासत असते.

त्यानंतरचे काम मला सर्वांत गमतीचे वाटते. एवढ्या आधुनिक कारखान्यातही धारेला झिलई करायला चामडेच लागते! पट्ट्याच्या जागी चामड्याची वेगाने फिरणारी चाके असतात, काही धारेच्या या बाजूने तर काही त्या बाजूने फिरतात. धोकटीतला पट्टा जे काम करी तेच ही चाके करतात. फरक इतकाच की यंत्राचा हात थकत नाही आणि पहिल्या पात्यावर जितका दाब, तितकाच लाखाव्या पात्यावर असतो. शेवटी पाती धुऊन धारेवर क्रोमियमसारख्या धातूचा अतिशय पातळ थर आणि त्यावर टेफ्लॉनचा थर देतात. न चिकटणाऱ्या तव्यावर असतो तोच हा टेफ्लॉन. त्यामुळे धार कातडीवरून अडखळत नाही.

अशी तयार झालेली धार किती बारीक असते? एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर त्यातील एका भागाहूनही टोक पातळ असते. दाढीचा केस साधारण ०.१ मिलिमीटर जाड, म्हणजे धारेच्या टोकाच्या हजारपट वा त्याहूनही जाड. ही धार घरी कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही, हे यावरून लक्षात यावे. काचेच्या ग्लासात आतून ब्लेड घासून आणखी चार दाढ्या काढण्याची युक्ती आपल्याकडे पूर्वी बहुतेक घरांत होती. तिने वाकलेली धार थोडी सरळ होत असेल; पण टेफ्लॉनचा थर आणि तुटलेले टोक परत येत नाही.

लोखंडापेक्षा केस बळकट?

केस मऊ आणि पोलाद कठीण, मग धार जाते कशी, हा प्रश्न चौकस वाचकांना पडेल. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली ब्लेडने केस कापून पाहिले आणि २०२० मध्ये त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. केसापेक्षा ब्लेडचे पोलाद सुमारे ५० पट कठीण असते. तरीही केस कापताना वाकला आणि धारेच्या एखाद्या कमकुवत जागी नेमका कडेला आला, तर तिथे पोलादाचा कण उडतो. म्हणजे धार सर्वत्र सारखी झिजत नाही, तिला अतिसूक्ष्म खाचा पडतात. अशा खाचांचे ब्लेड म्हणजे कातडीसाठी एक छोटी करवतच.

बोथट ब्लेड सुरक्षित आणि नवे ब्लेड धोक्याचे, अशी पुष्कळांची समजूत आहे. खरे उलट आहे. बोथट ब्लेडने आपण जोर लावतो आणि त्याच जागेवरून तीन-तीन वेळा फिरवतो. त्यामुळे कातडीचा वरचा थर खरवडला जातो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा होतात. जंतूंना आत जायला एवढी वाट पुरे असते. साधारण पाच ते सात दाढ्यांनंतर ब्लेड बदलावे, हा चांगला नियम आहे. दाढी राठ असेल तर त्याआधीही बदलावे.

धारेवर बसून कोण येते?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे तीन विषाणू रक्तातून पसरतात. पहिल्या दोघांचा हल्ला यकृतावर होतो. आपण सगळ्याच काविळीला एकच समजतो. परंतु दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत बरी होते. बी आणि सी मात्र काही लोकांच्या शरीरात वर्षानुवर्षे मुक्काम करतात. माणूस दिसायला धडधाकट असतो, डोळे पिवळे नसतात, भूक चांगली असते. वीस-पंचवीस वर्षांनी पोटात पाणी होते, रक्ताची उलटी होते किंवा यकृताचा कॅन्सर निघतो आणि घरचे म्हणतात, “डॉक्टरसाहेब, यांना तर सुपारीचेसुद्धा व्यसन नव्हते!”

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांच्या शरीरात हिपॅटायटिस बी आणि ५५ लाख लोकांच्या शरीरात हिपॅटायटिस सी होता. यातील फार मोठ्या संख्येला त्याचा पत्ताही नाही. म्हणजे कटिंगच्या दुकानात आपल्या आधी खुर्चीवर बसलेल्या माणसाला हा आजार आहे की नाही, हे ना कारागिराला ठाऊक, ना त्या माणसाला.

हिपॅटायटिस बीचा विषाणू आकाराने ४२ नॅनोमीटर असतो. एका मिलिमीटरमध्ये असे सुमारे २४ हजार विषाणू ओळीने बसतील. ब्लेडच्या टोकाची जाडी आणि या विषाणूचे आकारमान जवळजवळ एकाच मापात येतात. तेव्हा ‘ब्लेड पुसले, रक्त दिसत नाही’ हे म्हणणे किती पोकळ आहे ते समजावे. शिवाय हा विषाणू चिवट आहे. वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर, तो निदान सात दिवस रोग देण्याच्या स्थितीत राहू शकतो.

दवाखान्यातील सुयांच्या अनुभवावरून आम्हा डॉक्टरांना एक हिशेब शिकवतात. रोग्याच्या रक्ताने माखलेली सुई टोचली तर लस न घेतलेल्या शंभर जणांपैकी हिपॅटायटिस बी सुमारे तिसांपर्यंत होऊ शकतो, हिपॅटायटिस सी सुमारे दोघा-तिघांना, तर एचआयव्ही हजारात तिघांना. ब्लेडचा ओरखडा सुईइतका खोल नसतो, म्हणून दाढीतला धोका याहून कमी असतो. पण तीन रोगांतले आपसातले प्रमाण लक्षात घ्या. १९९० च्या दशकात एड्सच्या धास्तीने लोक कटिंगच्या दुकानात नवे ब्लेड मागू लागले, ही फार चांगली गोष्ट झाली. मात्र ज्या रोगासाठी नवे ब्लेड मागायला हवे, तो प्रथम हिपॅटायटिस बी आहे. आणि नुसते केस कापल्याने, एकाच खुर्चीवर बसल्याने किंवा हस्तांदोलनाने यांतला एकही रोग होत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगतो. रोग्याला वाळीत टाकण्याचे काहीच कारण नाही.

अर्धे ब्लेड, पूर्ण प्रश्न

आज बहुतेक दुकानांत ब्लेड बदलता येणारा वस्तरा असतो. कारागीर ब्लेड कागदातच मधोमध मोडतो आणि अर्धे पाते वस्तऱ्यात बसवतो. अर्धे एका गिऱ्हाइकाला, दुसरे अर्धे पुढच्याला. या पद्धतीत काहीही चूक नाही. चूक होते ती तीन ठिकाणी.

पहिली, गर्दीच्या वेळी. बाजारच्या दिवशी, लग्नसराईत, पोळ्याच्या किंवा दिवाळीच्या आदल्या रात्री पाते बदलायचे राहून जाते. दुसरी, तुरटीच्या खड्यात. ब्लेड नवे असते, पण दाढी झाल्यावर सगळ्यांच्या गालावर फिरणारा तुरटीचा खडा एकच असतो. रक्त थांबवायलाच तो वापरतात, तेव्हा रक्त त्यालाच लागते. तुरटीने रक्त थांबते, पण तिने विषाणू मरतील असा भरवसा धरू नये. तुरटी घ्यायची तर तिची चिमूटभर पूड स्वच्छ कापसावर घ्यावी आणि कापूस टाकून द्यावा. तिसरी चूक सामुदायिक प्रसंगी होते. दहाव्याला नदीकाठी भाऊबंद ओळीने बसतात आणि एकामागून एक मुंडण होते. दु:खाचा प्रसंग असतो, त्यात ब्लेड बदला असे कोण म्हणणार? पण मी म्हणतो, घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाने आधीच ब्लेडची दोन पाकिटे आणून ठेवावीत. बाळाचे जावळ काढायला कुलदैवताला जाताना ओटीच्या सामानात एक नवे ब्लेड जरूर ठेवावे. बाळाची कातडी नाजूक, आणि लहान वयात हिपॅटायटिस बी शिरला तर तो कायमचा मुक्काम करण्याची शक्यता मोठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक असते.

काही दुकानांत वापरलेले पाते डेटॉलच्या पाण्यात बुडवून पुन्हा वापरतात. त्यावर विसंबू नका. क्षणभर बुडवल्याने खात्री मिळत नाही. मुळात ब्लेड धुऊन वापरण्याची वस्तूच नाही, ती टाकून देण्यासाठीच स्वस्त केली आहे. यंत्राने दिलेला मोठा फायदा हाच. वस्तरा महाग होता म्हणून गावाला एक होता. ब्लेड स्वस्त झाले म्हणून माणसाला एक मिळू शकते. हा फायदा दोन-तीन रुपयांच्या काटकसरीपायी आपण घालवतो.

यात कारागिराला दोष देऊन भागणार नाही. दाढीचे पैसे देताना घासाघीस करणारे आपणच असतो. ‘आप्पा, नवं पातं लावा, त्याचे वेगळे पैसे घ्या’ असे आपण म्हणालो तर कोणीही नाही म्हणत नाही. खरे तर दिवसाला वीस-पंचवीस लोकांच्या रक्ताशी संबंध येणारा कारागीर स्वत:च जास्त धोक्यात असतो. पाते मोडताना, काढताना त्याच्याच बोटाला कापते. नाभिक बांधवांनी हिपॅटायटिस बीची लस अवश्य घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

ब्लेडची भलती कामे

दाढीशिवाय ब्लेडचा जो वापर होतो, तो मला अधिक काळजीचा वाटतो.

कुरूप कापणे : मधुमेहाच्या रोग्याने पायाचे कुरूप किंवा भेग ब्लेडने कधीही कापू नये. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, त्यामुळे किती खोल कापले ते कळत नाही. रक्तपुरवठा कमी असल्याने जखम भरत नाही. रोगी आठ-दहा दिवस हळद लावून पाहतो आणि मग काळा पडलेला अंगठा घेऊन येतो. सुरुवात अर्ध्या ब्लेडने आणि शेवट पाय कापण्यात, अशी उदाहरणे कोणत्याही सर्जनला विचारा, तो सांगेल. कुरूप असेल तर डॉक्टरांना दाखवा. अनवाणी फिरू नका आणि रोज रात्री पायाचे तळवे पाहा.

सर्पदंश : साप चावल्यावर जखमेला ब्लेडने चीर देऊन रक्त काढण्याची प्रथा शेतवस्त्यांवर अजून आढळते. याने विष बाहेर येत नाही. उलट घोणस किंवा फुरसे चावले असेल तर त्यांच्या विषाने रक्त गोठणे बंद होते आणि त्या चिरेतून रक्त थांबता थांबत नाही. चीर देऊ नका, आवळून बांधू नका, चावलेला अवयव हलवू नका, रोग्याला धीर द्या. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने थेट सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरचा खरा उतारा इंजेक्शनच्या रूपात तिथेच मिळतो.

नाळ कापणे : आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यात गरोदर बायकाही असतात. कारखान्याच्या तळावर, कोपीत, कधी फडातच बाळंतपण होते आणि हाती लागेल त्या ब्लेडने वा कोयत्याने नाळ कापली जाते. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. ते नाळेतून शिरले तर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान बाळ दूध ओढेनासे होते, जबडा घट्ट मिटतो, झटके येतात. हा रोग जीव घेऊनच जातो, असा जुन्या डॉक्टरांचा अनुभव. गरोदरपणातील लस आणि दवाखान्यातील बाळंतपणे यांमुळे तो आटोक्यात आला. माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याची मोहोर भारतावर २०१५ मध्ये उमटली. पण उच्चाटन म्हणजे जंतू मातीतून नाहीसे झाले असे नव्हे. ते तिथेच आहेत. लस चुकली आणि ब्लेड चुकले की रोग पुन्हा येणार.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कागदातून नुकतेच काढलेले दाढीचे ब्लेड नवे असते, धारदार असते, पण निर्जंतुक नसते. आम्ही शस्त्रक्रियेसाठी वापरतो ते पाते वेगळे. ते कारखान्यातच निर्जंतुक करून बंद पाकिटात येते. म्हणून ऊसतोडीला निघण्याआधी गरोदर स्त्रीने धनुर्वाताची लस पूर्ण करावी, माता-बाल कार्ड सोबत न्यावे आणि दिवस भरत आले असतील तर जाऊच नये. गेल्यास तळाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवावे. अगदीच अडचण आली तर नवे ब्लेड आणि नाळ बांधायचा दोरा पाण्यात वीस मिनिटे उकळून मगच वापरावा. नाळेवर शेण, राख, हळद काहीही लावू नये.

ऑपरेशनपूर्वीची हजामत : घरून निघताना पोटावरचे केस ब्लेडने काढून येणारे रोगी असतात. त्यांना वाटते आपण डॉक्टरांचे काम हलके केले. पण ब्लेडच्या बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात आणि ऑपरेशनची जखम पिकण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये ब्लेडने केस काढू नयेत, गरज असेल तर यंत्राने कापावेत, असा स्पष्ट सल्ला दिला आहे.

दाढी कशी करावी?

शक्यतो आंघोळीनंतर करावी. केस पाणी शोषून घेतो आणि मऊ होतो. त्याला दोन-तीन मिनिटे लागतात, म्हणून घाई करू नये. साबणाचा फेस चांगला करावा. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, जोर न लावता ब्लेड फिरवावे. उलटी दाढी गुळगुळीत होते, पण ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांच्यात कापलेला केस कातडीच्या आत वळतो आणि पुळ्या येतात. गालावर पू असलेल्या पुळ्या असतील तर काही दिवस दाढी थांबवावी. लहान चपट्या चामखिळी असतील तर ब्लेड त्यांच्यावरून नेऊ नये, नाहीतर ब्लेडच्या रेषेत नव्या चामखिळींची रांग उगवते. नायटा असेल तर दुकानात टॉवेल आपला न्यावा. झाल्यावर ब्लेड वाहत्या पाण्यात धुऊन झटकून कोरडे ठेवावे. आपले ब्लेड आपलेच. बाप-लेकांनी, नवरा-बायकोनेसुद्धा एकमेकांचे वापरू नये.

वापरलेले ब्लेड उकिरड्यावर टाकू नये. सफाई कामगाराचे बोट आणि गाईचे पोट, दोन्ही त्याने कापले जाते. पत्र्याच्या रिकाम्या डबीच्या झाकणाला फट पाडून त्यात टाकत जावे. अशी डबी कित्येक वर्षे पुरते.

वाचकांचे नेहमीचे प्रश्न

दुसऱ्याच्या ब्लेडने कापले गेले तर काय करावे?
जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी, पिळू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हिपॅटायटिस बीची लस शक्यतो २४ तासांत द्यावी लागते. ज्याचे ब्लेड होते त्याला एचआयव्ही असल्याचे माहीत असेल तर त्यावरची प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले तेही सांगावे.

मोठ्या माणसाने लस घ्यावी का?
हिपॅटायटिस बीची लस मोठ्यांनाही चालते. आज एक, महिन्याने दुसरी आणि सहाव्या महिन्यात तिसरी अशा तीन मात्रा असतात. लहान मुलांना ती सरकारी लसीकरणात मोफत मिळते, पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांत. हिपॅटायटिस सीवर मात्र लस नाही.

रक्तात विषाणू निघाला तर उपाय आहे का?
आहे. हिपॅटायटिस सी आता बहुतेक रोग्यांत सुमारे बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. हिपॅटायटिस बी पूर्ण जातोच असे नाही, पण औषधांनी ताब्यात राहतो आणि यकृत वाचते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्हींची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. आपल्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. ज्यांना पूर्वी रक्त दिले गेले आहे, ज्यांच्या घरात कोणाला यकृताचा जुनाट आजार आहे आणि ज्यांनी गोंदवून घेतले आहे, त्यांनी एकदा तपासणी करून घेतलेली बरी.

ब्लेडच्या धारेला झिलई देणारी यंत्रे आपल्यापासून दूर कुठेतरी फिरत असतात. ती आपल्याला स्वच्छ, कोरे, एकट्याचे पाते देतात. पुढचे काम आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी दुकानात खुर्चीवर बसाल तेव्हा कागदातून ब्लेड आपल्या डोळ्यांसमोर निघते आहे ना, एवढे पाहा. दिसले नाही तर न लाजता सांगा.